ब्रॅम स्टोकरसाठी एक संध्याकाळ: अभिवाचनाआधीची तयारी

आधी तारीख पक्की करा. ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी लिहिणाऱ्या स्टोकरचा जन्म ८ नोव्हेंबर १८४७चा, डब्लिनमधल्या क्लॉन्टार्फचा, त्यामुळे बहुतेक मंडळी तोच दिवस सुचवतील. मी मात्र १८ मे धरेन. १८९७ साली त्या दिवशी लंडनच्या लायसियम थिएटरात ‘ड्रॅक्युला’चं अभिवाचन झालं, आणि पुस्तक बाजारात यायला तेव्हा आठवडा होता. नाट्यरूपाचे हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून स्टोकरने कादंबरीचे छापील कागद कापून, चिकटवून, मधले दुवे हाताने लिहून पाच अंकी संहिता उभी केली होती. लायसियम हे त्याचं रोजचं कामाचं ठिकाण. हेन्री आयर्व्हिंग या थोर नटाच्या त्या थिएटराचा कारभार तो १८७८पासून पाहत होता. त्याआधी डब्लिनला सरकारी नोकरी करता करता वर्तमानपत्रात नाट्यसमीक्षा लिहायचा. अशा माणसाचं स्मरण मनातल्या मनात वाचून होत नाही, त्याचं वाक्य मोठ्याने म्हटलं गेलं पाहिजे.

तालमी सुरू होण्याआधी प्रत्येकाची कादंबरी पूर्ण वाचून झालेली असावी. सिनेमा पाहिलाय, एवढ्यावर कुणाला सोडू नका. कादंबरीतला काउंट, म्हणजे उमराव ड्रॅक्युला, पहिल्यांदा भेटतो तो लांब पांढऱ्या मिशांचा म्हातारा. उंच कॉलरचा झगा त्याला नंतर रंगभूमीने दिला. हॅमिल्टन डीन या नाटककाराने १९२४ साली इंग्लंडमधल्या डर्बीला ‘ड्रॅक्युला’चं नाटक आणलं. नटाने पाठ फिरवली की त्या कॉलरमागे डोकं झाकलं जायचं आणि त्याला प्रेक्षकांदेखत नाहीसं होता यायचं. युक्ती सुंदरच आहे, पण आपल्या सामानाच्या यादीतून झगा वगळा.

जोडीला व्हॅम्पायरची, म्हणजे रक्तपिपासू पिशाचाची, दोन पुस्तकं पुरेत. शेरिडन ल फानू या डब्लिनकराची ‘कार्मिला’ (१८७२) लहान आहे आणि स्टोकरच्या आधीची आहे, म्हणून ती आधी. मग जॉन पॉलिडोरीची १८१९ची ‘द व्हॅम्पायर’. तिच्यावरून केलेलं नाटक १८२० साली लायसियमलाच झालं, आणि त्यासाठी रंगमंचात बसवलेल्या चोरदाराला ‘व्हॅम्पायर ट्रॅप’ हे नाव कायमचं चिकटलं. म्हणजे रक्त पिणारा उमराव तिथे ड्रॅक्युलाच्या सत्त्याहत्तर वर्षं आधी येऊन गेला होता! गॉथिक, म्हणजे भय आणि गूढतेचं, साहित्य आणि नाटक एकमेकांच्या किती आत शिरलेलं आहे ते इथे दिसतं, म्हणून प्रास्ताविकात हे सांगाच.

व्हिटबीचा नकाशा छापून तालमीच्या खोलीत लावा. यॉर्कशायरच्या या बंदरगावी स्टोकर १८९०च्या उन्हाळ्यात राहिला. ड्रॅक्युला हे नाव त्याला तिथल्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मिळालं. १८८५मध्ये तिथल्या वाळूवर फुटलेलं ‘दिमित्री’ हे जहाज कादंबरीत ‘डिमीटर’ झालं. १९९ पायऱ्या आणि वर चर्च, ॲबीचे (जुन्या मठाचे) अवशेष कुठे आहेत हे ठाऊक असेल, तरच मैत्रिणीला, ल्यूसीला गाठायला धावणारी मीना वाचताना आवाजाला खरा दम लागतो.

संहितेसाठी तीन उतारे निवडा: दाढीच्या आरशात काउंटचं प्रतिबिंब न दिसण्याचा प्रसंग, मीनाची ही धाव, आणि ‘डिमीटर’च्या कप्तानाची नोंदवही. नोंदवहीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मला तो कादंबरीतला सर्वोत्तम भाग वाटतो. एकेक खलाशी नाहीसा होतो आणि कप्तान तारखा टाकत राहतो. संपादन करताना त्या तारखा कापू नका, पार्श्वसंगीतही नको. वाचणारा एकच असावा, थंड आवाजाचा.

मूळ इंग्रजी मजकुराला परवानगी लागत नाही. छापील मराठी अनुवाद वापरणार असाल तर अनुवादक आणि प्रकाशकाला आधी विचारा. सभागृहात वाचनापुरते दिवे आणि चालू माइक, बाकी काही नाही.

भूमिका वाटताना एक लक्षात घ्या. कादंबरी रोजनिशा, पत्रं, तारा आणि कात्रणांची आहे. जोनाथन लिहितो, मीना लिहिते, डॉक्टर सीवर्ड फोनोग्राफ या आवाज नोंदवणाऱ्या यंत्रावर बोलतो. ड्रॅक्युलाची मात्र रोजनिशी नाही, आणि पहिली चार प्रकरणं संपली की तो फारसा समोरही येत नाही. म्हणून त्याच्यासाठी वेगळा नट ठेवू नका. त्याची वाक्यं ज्याच्या रोजनिशीत आली असतील त्यानेच, आवाज न बदलता वाचावीत. हे असं का केलं, यावर शेवटी अर्धा तास चर्चा ठेवा.