‘एक्स्ट्रॅक्शन’ मराठीत आणताना

आईची दाढ दुखत होती. दवाखान्यात तिने संमतिपत्रावर सही केली. त्यावर छापलं होतं, ‘दंत निष्कर्षणास माझी संमती आहे.’ तिला वाटलं, दात तपासून निष्कर्ष सांगणार असतील. दाढ काढणार आहेत हे तिला भुलीची सुई दिसली तेव्हा कळलं.

मी भाषांतरं करते. ‘निष्कर्षण’ हे इंग्रजी ‘एक्स्ट्रॅक्शन’चं, म्हणजे काहीतरी बाहेर काढण्याचं, पुस्तकी भाषांतर. त्या दिवसापासून हा इंग्रजी शब्द समोर आला की कोश उघडण्याआधी मी तीन गोष्टी पाहते: काय निघतंय, कशाच्या जोरावर निघतंय आणि मागे काय उरतंय.

तेलाचं बघा. घाण्यावर शेंगदाणा दाबला जातो, तेल निघतं, पेंड उरते. हे गाळप. पण पेंडीतही थोडं तेल राहतंच. ते काढायला कारखान्यात पेंडीवर हेक्झेन हे द्रावक, म्हणजे विरघळवणारं द्रव, सोडतात. हेक्झेन तेल आपल्यात विरघळवून घेतं, मग तापवून हेक्झेन उडवून लावतात (ते साधारण ६९ अंश सेल्सिअसला उकळतं) आणि खाली तेल राहतं. इथे काम दाबाने होत नाही, विरघळण्याने होतं. म्हणून ‘द्रावकाने तेल काढणे’ असं लिहा, ‘गाळप’ नको. हेक्झेन चटकन पेट घेतं, त्यामुळे सुरक्षेच्या पाटीवर तर ही चूक अजिबात परवडणारी नाही.

उसाचं मात्र गाळपच. तिथे घोटाळा होतो तो ‘उतारा’ या शब्दापाशी. १०० किलो उसातून ११ किलो साखर मिळाली तर साखर उतारा ११ टक्के. उसातल्या साखरेपैकी किती रसात उतरली, हा हिशेब वेगळा. इंग्रजी अहवालात ‘एक्स्ट्रॅक्शन’ लिहितात ते याला. दोन्हींना ‘उतारा’ म्हटलं की शेतकऱ्याला आकडा भलताच दिसतो. सातबाऱ्याचा उतारा आणखी निराळा: गाव नमुना ७ आणि १२ मधून उतरवून घेतलेली नोंद.

औषधी वनस्पती असेल तर कृती नीट वाचा. पाण्यात उकळून आटवलं तर काढा, गरम पाणी ओतून मुरवलं तर फांट, रात्रभर थंड पाण्यात भिजवलं तर हिम. एकच ‘अर्क’ सगळीकडे चिकटवू नका. आणि ‘काढा’ हा ‘काढणे’मधून आलेला वाटतो, तसा तो नाही, तो ‘क्वाथ’वरून आला, कढी आणि कढणे त्याच्याच कुळातले.

बाकीचं सोपं आहे. कोळशाचं उत्खनन, वाळूचा आणि भूजलाचा उपसा, वर्गमूळ काढणं. माणसाच्या मूळ-कुळाबद्दल असेल तर ‘मराठी वंशाचे’ किंवा ‘मूळचे मराठी’.

तरी अडलात तर ते काम रोज करणाऱ्याला फोन करा. मधपाळाला मी विचारलं होतं, “यंत्रात पोळी फिरवता त्याला काय म्हणता?” तो म्हणाला, “मध काढतो की!” मी त्याआधी ‘मधु-निष्कर्षण’ लिहून बसले होते.

आईचं संमतिपत्र मी नव्याने लिहिलं: ‘माझी खालची उजवी दाढ भूल देऊन काढण्यास माझी संमती आहे.’ तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अगं, हे असं लिहिलेलं असतं तर मी आधीच विचारलं असतं, भूल किती वेळाने उतरते म्हणून.”