नागद्वारचा पहिला चढ: दम टिकवायचा कसा

नागपंचमीला आपल्या वरूड-मोर्शीकडून, काटोल-सावनेरकडून गावंच्या गावं पचमढीला नागद्वार यात्रेला निघतात. सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, १,३५२ मीटरचं धूपगड, याच डोंगररांगेत आहे. दिवसभर वावरात राबणाऱ्या माणसालाही तिथला चढ जड जातो. सपाटीवर चालायची सवय पोटरी-मांडीला चढासाठी पुरत नाही.

गाडीतून उतरल्या-उतरल्या जयघोषाच्या भरात सगळे सुसाट सुटतात. तिथंच दम जातो. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. सोबतच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की चाल कमी करा, पण थांबू नका. पावलं लहान टाका आणि जमेल तिथं पूर्ण तळवा टेकवा, म्हणजे पोटऱ्या भरून येत नाहीत. फार उभा चढ असेल तर सरळ न जाता वाटेच्या रुंदीतच नागमोडी चढा. विसावा उभ्यानंच, मिनिटभराचा. पावसात ओल्या अंगानं बसून राहिलं की पाय आखडतात.

महिनाभर आधी गावच्या तलावाची पाळ रोज चढा-उतरा. उतरणंही तितकंच महत्त्वाचं, गुडघे उतारावरच बोलतात. नवे बूट यात्रेत घालू नका, आणि गुळगुळीत चप्पल तर नकोच. शेवाळलेल्या दगडावर ती हमखास घसरते. बांबूची काठी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा. बीपी, शुगर किंवा छातीचा त्रास असणाऱ्या आजी-आजोबांना निघण्याआधी डॉक्टरांकडे नक्की न्या.