नव्या फ्लॅटमधले दोष: बिल्डरला मुदतीत कसं पकडावं

‘पाच वर्षांची गॅरंटी आहे, घाई कसली?’ असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच. दुसरा कुणी ‘तीनच वर्षं असतात’ म्हणून ठणकावतो. ती तीन वर्षं १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट-मालकी कायद्यातली. रेरा म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा २०१६ चा केंद्रीय कायदा. त्याखालच्या प्रकल्पात त्याचं कलम १४(३) बघायचं: ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत दोष बिल्डरच्या नजरेस आणला, तर त्याने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. नाही केला, तर भरपाई. म्हणजे पाच वर्षं आहेत ती दोष कळवायला. नुसतं वाट बघत बसलात तर ती फुकट जातात.

१. ताब्याची तारीख पक्की करा. फिट-आउटसाठी (आतलं फर्निचर वगैरे करायला) चावी एका दिवशी, ओसी (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) दुसऱ्या दिवशी आणि पझेशन लेटर तिसऱ्याच तारखेचं, असा घोळ मुंबईत नेहमीचा. कुठली खरी, यावर नंतर वकील भांडतील. तुम्ही सगळ्यात आधीची तारीख धरा आणि त्या हिशोबाने चाला.

२. फोटो, व्हिडिओ काढा. ओल असेल तर भर पावसात काढा.

३. लेखी नोटीस द्या. माझी खरी डोकेफोड इथेच झाली, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

साइट सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला म्हणजे कळवलं, असं समजू नका. तो सहा महिन्यांत नोकरी सोडतो. करारनामा उघडा आणि त्यात प्रमोटर (कायद्याच्या भाषेत बिल्डर) म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. होर्डिंगवर एक नाव असतं, करारात भलतीच एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) निघते. त्या नावाने, करारातल्या पत्त्यावर, पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि करारातल्या ईमेलवरही तेच पत्र पाठवा. ‘फ्लॅटमध्ये गळती आहे’ एवढंच लिहिलंत तर काहीच लिहिलं नाहीत. कुठल्या खोलीची कुठली भिंत, कुठला कोपरा, केव्हापासून, असा एकेक दोष वेगळा लिहा. गच्ची, बाहेरची भिंत, लिफ्ट, टाकी यांची नोटीस सोसायटीने द्यावी. सोसायटी अजून रजिस्टर झाली नसेल तर सभासदांनी सह्या करून द्यावी, कन्व्हेयन्सची (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होण्याची) वाट बघू नये.

मग पावसाळ्याचा खेळ सुरू होतो. जूनमध्ये पत्र गेलं की उत्तर येतं, ‘पाऊस थांबू द्या.’ ऑक्टोबरात दोन माणसं येऊन केमिकल फासतात आणि ‘काम समाधानकारक’ अशा कागदावर सही मागतात. कोरड्या हवेत ती सही देऊ नका. द्यावीच लागली तर खाली हाताने लिहा: ‘पुढच्या पावसाळ्यात तपासून.’ पुढच्या जूनमध्ये तीच भिंत पुन्हा ओली झाली की लगेच दुसरं पत्र टाका: अमुक तारखेला कळवलेला हाच दोष अजून गेलेला नाही. हे पत्र नसेल, तर बिल्डर सांगतो की जुनी तक्रार मिटली होती, ही नवी आहे आणि पाच वर्षं उलटल्यावर आली आहे. असे दोन-तीन पावसाळे त्याने काढले की मुदत संपत येते. तोंडी आश्वासनांनी ती एका दिवसानेही वाढत नाही.

आणखी एक. बाथरूमच्या टाइल्स किंवा पाइप बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बदलू नका. असं केल्यास दोषाची जबाबदारी संपते, हे कलम करारात बहुधा असतंच, आणि बिल्डरचा वकील पहिल्यांदा तेच काढतो.

४. ३० दिवस मोजा. त्यात काम झालं नाही तर महारेराच्या, म्हणजे रेराखालच्या राज्य प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. ‘आधी चर्चा करू’ म्हणणाऱ्यांना चर्चा करू द्या, तक्रार थांबवू नका. दुरुस्तीचा आदेश प्राधिकरण देतं, पण नुकसानभरपाई किती ते अॅडज्युडिकेटिंग ऑफिसर (महारेरातला निवाडा करणारा अधिकारी) ठरवतो. पैसेही हवे असतील तर त्याच्याकडे वेगळा अर्ज लागतो.

रीडेव्हलपमेंटमधल्या जुन्या सभासदांनी रेरा आपल्याला आपोआप लागू आहे असं गृहीत धरू नये. आधी डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटमधलं डिफेक्ट लायबिलिटीचं (दोष दुरुस्त करण्याच्या जबाबदारीचं) कलम वाचावं. अॅग्रीमेंटवर अजून सह्या व्हायच्या असतील तर ते कलम घालून घ्यावं.

घराच्या दुरुस्तीसाठी किंवा इंटीरियरसाठी तुम्ही स्वतः कॉन्ट्रॅक्टर लावला असेल, तर ही पाच वर्षं विसरा. ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात, आणि करारभंगाच्या दिवाणी दाव्याला तीन. कारण केव्हा घडलं यावर कीस पाडण्यापेक्षा काम संपल्याची तारीख धरा. बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा मात्र हवाच, रोखीत कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेतलं असेल तर आयोगापुढे ठेवायला तुमच्या हातात काहीच नसेल.