मशीन लॅबच्या ओरलआधी एवढं बघून जा
पुणे विद्यापीठात इलेक्ट्रिकलला असाल तर ट्रान्सफॉर्मरच्या ओसी-एससी (ओपन सर्किट-शॉर्ट सर्किट) टेस्टचं जर्नल नुसतं सिनियरचं बघून छापू नका, ओरलला एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) हमखास विचारतात कुठली बाजू उघडी ठेवली आणि का. ओसीला सप्लाय एलव्ही (लो व्होल्टेज) बाजूला, एचव्ही (हाय व्होल्टेज) उघडी, आणि वॉटमीटर एलपीएफचाच (लो पॉवर फॅक्टरचा) घ्यायचा कारण नो-लोडला पॉवर फॅक्टर एकदम कमी असतो, साध्या वॉटमीटरचा काटा जेमतेम हलतो (आणि मग आपण रीडिंग मनाने लिहितो, माहितीये). एससीला उलटं, एलव्ही शॉर्ट, सप्लाय एचव्हीला. इथे रेटेड करंट साधारण 5 ते 10 टक्के व्होल्टेजलाच येतो, त्यामुळे सप्लाय चालू करायच्या आधी व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) शून्यावर आहे ना ते स्वतः हात लावून बघा, नाहीतर फ्यूज गेलाच समजा.