नैरोबीला येताय? मग स्वेटर आणा

जून उजाडला की आमच्या नैरोबीतल्या पार्कलँड्सच्या घरी फोन सुरू होतात. पुण्याहून, कराडहून, एकदा तर मिरजेच्या चुलत सासऱ्यांच्या व्याह्यांकडून. सगळ्यांना मसाई माराचं अभयारण्य बघायचं असतं आणि नैरोबीत "नुसतं एक रात्र टेकायचं" असतं. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवते. मारा बघाच, पण नैरोबीला तीन दिवस द्या. ते देणार नसाल तर पुढचं वाचायची तसदी घेऊ नका.

स्वेटरपासून सुरुवात करते, कारण त्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. आफ्रिका म्हणजे ऊन, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आपलं कळसूबाई 1,646 मीटर उंच. नैरोबी साधारण 1,700 मीटरवर वसलेली आहे. म्हणजे अख्खं शहर कळसूबाईच्या माथ्यावर बांधल्यासारखं. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असूनही जुलैच्या सकाळी पारा अकरा-बारा अंशांवर असतो आणि आभाळ दुपारपर्यंत राखाडी. घरांत हीटर नसतात. एक मावशी सहा सुती साड्या घेऊन आल्या आणि चारही दिवस माझी शाल पांघरून फिरल्या, सगळ्या फोटोंत तीच शाल आहे. तेव्हा एक स्वेटर, एक वाऱ्याचं जाकीट, पायमोजे. दुपारी ऊन आलं की मात्र उंचीमुळे ते चांगलंच भाजतं, म्हणून टोपीही हवी. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर छोटा पाऊस. जानेवारी-फेब्रुवारी उबदार आणि कोरडे, मला विचाराल तर शहरासाठी तेच महिने सर्वांत चांगले. आपल्या सुट्ट्या तेव्हा नसतात, हे खरं.

कागदपत्रांत दोनच गोष्टी महत्त्वाच्या. जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे आगाऊ ऑनलाइन परवानगी, सुरू केली. ती सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. तसंच दिसणारी, दुप्पट पैसे घेणारी दलालांची पानं शोधात वर येतात. परवानगी आली की छापील प्रत जवळ ठेवा.

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाची लस. ही तिकिटाच्या आधी डोक्यात यायला हवी. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे वेळ आगाऊ घ्यावी लागते, मूळ पासपोर्ट न्यावा लागतो, आणि टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाची भीती नैरोबीत या उंचीमुळे फारशी नाही, पण पुढे मारा किंवा मोंबासा करणार असाल तर त्याच भेटीत गोळ्यांचंही विचारून घ्या.

आता बॅग. आपण मराठी माणसं प्रत्येक वस्तू पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालतो. चपला एका पिशवीत, तेलाची बाटली दोन पिशव्यांत, आणि "असू देत" म्हणून चार रिकाम्या पिशव्या तळाशी. इथे ते चालत नाही. ऑगस्ट 2017 पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. महाराष्ट्रात 2018 साली बंदी आली आणि तिचं पुढे काय झालं ते आपण भाजीवाल्याकडे रोज बघतो. इथली बंदी खरी आहे. कायद्यात चाळीस लाख शिलिंगांपर्यंत दंड आणि चार वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. बाकरवडीचं कारखान्यात बंद केलेलं पाकीट चालतं, त्याबाहेरची पिशवी नाही. चपलांना जुन्या उशीचे अभ्रे वापरा. ताजी फळं, रोपं, बिया आणू नका. हापूसची पेटी तर नाहीच. भेंडी, कारली, दुधी, कढीपत्ता, कोथिंबीर सगळं सिटी पार्क मार्केटमध्ये मिळतं, माझ्यासाठी उचलून आणू नका. आणायचंच असेल तर गोडा मसाला आणा.

प्लग आणा, चौकोनी तीन पिनांचा. आपल्या गोल पिना इथल्या भिंतीत शिरत नाहीत. ड्रोन घरीच ठेवा, परवान्याशिवाय उडवता येत नाही. लष्करी ठिपक्यांचे कपडेही नकोत, सामान्य माणसाने ते घातलेले इथे चालत नाहीत. स्टीलची पाण्याची बाटली माणशी एक, कारण अभयारण्यांत आणि राखीव जंगलांत प्लास्टिकची बाटली फाटकावरच काढून घेतात. नळाचं पाणी पिऊ नका. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर शेजाऱ्यांकडून मागून आणा. डॉलर नेत असाल तर नवे, कोरे. जुनी, फाटकी, शाईचा ठिपका असलेली नोट इथे दुकानदार उलटसुलट करून परत करतो.

डॉलरपेक्षाही एम-पेसा महत्त्वाचा. मोबाइलवरून पैसे देण्याची ही सोय इथे 2007 साली आली, आपल्या यूपीआयच्या नऊ वर्षं आधी. कणीस भाजणाऱ्या बाईपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे तोच घेतात. साधा बटणांचा फोनही त्याला पुरतो. विमानतळावर पासपोर्ट दाखवून सिम घ्या, एम-पेसा तिथेच चालू करून मागा, रोख भरा. दहा मिनिटांचं काम आहे. एकदा आमच्या पाहुण्यांनी "नंतर बघू" म्हणून टाळलं आणि तीन दिवस त्यांची कणसं मी घेतली.

आता फिरणं. पहिला दिवस दक्षिणेकडचा, लांगाटाच्या बाजूचा. नैरोबी नॅशनल पार्क 1946 साली झालं, केनियातलं पहिलं. 117 चौरस किलोमीटर, शहराला खेटून. तीन बाजूंना कुंपण, दक्षिण बाजू प्राण्यांना जायला-यायला मोकळी. गवतात गेंडा चरतोय आणि त्याच्या पाठीमागे उंच इमारतींची रांग, हे दृश्य मला अजूनही खोटं वाटतं. सिंह, गेंडे, म्हशी, जिराफ, झेब्रे आहेत. हत्ती नाहीत, त्यावरून गाईडशी भांडू नका. सकाळी सहाला फाटकावर हजर राहायचं. पैसे ऑनलाइन भरून ठेवा, फाटकावर रोख घेत नाहीत. आणि डबा न्या. दशम्या आणि चटणी गाडीत बसून खाताना समोर शहामृग उभा, यापेक्षा चांगला नाश्ता मी केलेला नाही.

तिथून अकराला शेल्ड्रिकच्या हत्ती अनाथालयात. यासाठी नोंदणी आधी, आणि आधी म्हणजे काही आठवडे आधी. दिवसातून एकच तास, अकरा ते बारा, लोकांसाठी उघडं असतं. दोरीच्या अलीकडे आपण, पलीकडे लाल मातीचं डबकं. हिरव्या कोटातले राखणदार हाक मारतात आणि झुडपांतून पिल्लं एकामागोमाग पळत येतात, कान फडफडवत, थेट दुधाच्या बाटलीवर. बाटली आपल्या खलबत्त्यापेक्षा मोठी. काही पिल्लं सोंडेने स्वतःच बाटली धरतात आणि डोळे मिटून पितात. संपली की दुसऱ्याच्या बाटलीकडे बघतात, आणि राखणदार दटावतो. शिकारीत, दुष्काळात आई गेलेली ही पिल्लं. हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला गाईचं दूध पचत नाही. डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी कित्येक वर्षांच्या प्रयत्नांनंतर शोधून काढलं की खोबरेल तेल घातलेलं दूध त्यांना मानवतं. हे ऐकून आमच्या रत्नागिरीच्या आत्याबाई भर गर्दीत "मी काय म्हणत होते!" म्हणाल्या. रात्री राखणदार पिल्लांच्या गोठ्यातच झोपतात, कारण एकटं पिल्लू घाबरतं. हे सगळं त्या एका तासात, म्हणून उशीर करू नका. आमचे एक पाहुणे हॉटेलात दाढी करत बसले, बारा वाजून पाच मिनिटांनी पोचले आणि डबकं बघून आले.

दुपारी जिराफ सेंटर. उंच ओट्यावर उभं राहिलं की जिराफाचं तोंड आपल्या तोंडासमोर येतं. हातावर खाद्याच्या गोळ्या ठेवायच्या. जीभ हातभर लांब, करडी-जांभळी, खरबरीत, आणि लाळ भरपूर. रुमाल न्या. मूठ रिकामी असताना चिडवू नका, जिराफ डोक्याने ढुशी देतो आणि ती लागते. फोटोसाठी ओठांत गोळी धरणारे असतात. मी त्यांतली नाही.

दुसरा दिवस शहरात. रेल्वे म्युझियमला बहुतेक जण जात नाहीत, मी आवर्जून पाठवते. नैरोबी हे गावच रेल्वेमुळे झालं. मोंबासाहून 1896 मध्ये रूळ टाकायला सुरुवात झाली, 1899 मध्ये ते या दलदलीपाशी पोचले आणि इथे डेपो पडला. काम करायला भारतातून सुमारे 32,000 मजूर नेले होते, बहुतेक कराची बंदरातून. त्यांतले जवळजवळ अडीच हजार मेले. म्युझियमच्या आवारात जुनी इंजिनं गंजत उभी आहेत, मुलांना त्यांवर चढू देतात. तिथेच तो डबा आहे, ज्यातून 1900 साली किमा स्टेशनवर सिंहाने एका पोलीस अधिकाऱ्याला खिडकीतून ओढून नेलं. अधिकारी सिंह मारायला बसला होता आणि पहारा देतादेता झोपला. आत शिरून खिडकी किती लहान आहे ते बघा.

नॅशनल म्युझियममध्ये तुर्काना बॉय बघा, सुमारे 16 लाख वर्षांपूर्वीच्या मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा, 1984 मध्ये सापडलेला. वेळ कमी असेल तर थेट त्याच्याकडेच जा.

नैरोबी विद्यापीठात गांधीजींचा पुतळा आहे, 1956 मध्ये उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी अनावरण केलेला. मी साताऱ्याकडची, म्हणून पाहुण्यांना एक जास्तीचं ऐकावं लागतं: औंधच्या राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत 1948 ते 1954 या काळात भारताचे कमिशनर म्हणून याच शहरात होते. वडील सूर्यनमस्कारांचे प्रचारक, मुलगा पूर्व आफ्रिकेत. पुढचं व्याख्यान घरी चहाबरोबर.

मसाई मार्केट आपल्या आठवडी बाजारासारखा, वारागणिक जागा बदलतो. त्या दिवशी कुठे भरलाय ते सकाळी विचारून निघा. किओंडो म्हणजे विणलेल्या टोपल्या, शुका म्हणजे लाल चौकड्यांची शाल, किसीच्या मऊ दगडाच्या मूर्ती, आणि कांगा म्हणजे अंगाला गुंडाळायचं छापील सुती कापड. कांगा जोडीने मिळते आणि तिच्या काठावर स्वाहिलीत एक म्हण छापलेली असते. अर्थ विचारल्याशिवाय घेऊ नका. माझ्या जावेने रंग बघून सासूबाईंसाठी एक घेतली, आणि घरी आल्यावर आमच्या कामवाल्या बाईंनी ती वाचून पदर तोंडाला लावला. भाव सांगतील त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरू करा. "बेई गानी?" म्हणजे किती. "पुंगुझा किदोगो" म्हणजे थोडं कमी करा. मंडईत वाढलेल्या माणसाला बाकी शिकवावं लागत नाही.

शब्दांची तयारी एवढ्यावर भागते, कारण निम्मे शब्द आपलेच वाटतात: चाय, चपाती, गारी, मामा, बाबा. मामा म्हणजे मात्र आई. अडखळलात की अनोळखी माणूसही "पोले", म्हणजे "माफ करा" म्हणतो, त्याची चूक नसतानाही. एकच घोटाळा वेळेचा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळी सातला "सा मोजा", एक वाजला. ड्रायव्हरशी वेळ ठरवताना इंग्रजीत ठरवा.

खाण्याची काळजी करू नका. शाकाहारींना सुकुमा विकी मिळते, बारीक चिरून परतलेली हिरवी पालेभाजी. शब्दाचा अर्थ "आठवडा ढकल", महिनाअखेरीला सगळ्यांच्या ताटात तीच. सोबत उगाली, पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आपली ज्वारीची उकड खाल्लेल्याला त्यात नवल नाही. इथली चपाती थरांची आणि तेलकट. मारू भजिया नक्की खा, बटाट्याच्या कापांना बेसन-कोथिंबिरीचा लेप. रस्त्यावर कणीस भाजून लिंबू-तिखट चोळून देतात. मक्याला "माहिंदी" म्हणतात, आणि भारतीय माणसाला "म्हिंदी". मांसाहारींनी न्यामा चोमा, कोळशावर भाजलेलं मटण, फक्त सावकाश. सांगितल्यापासून तासभर लागतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी करुरा जंगल. जवळजवळ हजार हेक्टर, शहराच्या पोटात, बिल्डरांच्या तोंडातून वाचलेलं. ते वाचवताना पर्यावरण कार्यकर्त्या वंगारी मथाई यांनी 1990च्या दशकाअखेरीस इथे मार खाल्ला, 2004 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. सायकली भाड्याने मिळतात, धबधबा आहे, माकडं आहेत, डबा जपा.

मटाटूत एकदा बसाच, पण दिवसा. मिनीबसवर नखशिखांत चित्रं, आत कान फुटेल असं गाणं. रोंगाईच्या मटाटू सर्वांत भडक. आपल्या एसटीच्या डबल बेलऐवजी कंडक्टर पत्र्यावर दोन थापा मारतो. फोन खिडकीपाशी धरू नका, रस्त्यावरही हातात मिरवू नका, खेचून नेतात. अंधार पडल्यावर पायी हिंडू नका, ॲपची टॅक्सी बोलवा. आणि अंधार बाराही महिने साडेसहा-पावणेसातला पडतो, संधिप्रकाश नावालाच.

परतीच्या दिवशी एकच काम. पिवळ्या तापाच्या लशीच्या प्रमाणपत्राची ती पिवळी पुस्तिका सामानात टाकू नका, पासपोर्टला चिकटवून ठेवा. मुंबईला उतरल्यावर आरोग्य तपासणीचं टेबल आधी येतं आणि सामानाचा पट्टा नंतर. पुस्तिका दाखवता आली नाही तर सहा दिवस वेगळं ठेवतात. गेल्या वर्षी आमच्या भावजींची पुस्तिका बॅगेत, बॅग पट्ट्यावर, आणि भावजी टेबलापाशी. वन्संकडे सुदैवाने तिचा फोटो होता. अधिकाऱ्याने तो बराच वेळ मोठा करून पाहिला.