पिकअप ट्रकचा एक्झॉस्ट बदलताना या चुका टाळा

जितका पाइप जाड तितकी ताकद जास्त, या समजुतीतच निम्मे पैसे वाया जातात. गरजेपेक्षा जाड पाइपात वायूचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, घटतो. ओझं घेऊन चढ चढताना पिकअपला नेमका तोच लागतो. पाच लिटरच्या आसपासच्या पेट्रोल व्ही-८ (आठ सिलिंडर) ला एकेरी ३ इंच पाइप पुरतो, अडीच लिटरच्या चार सिलिंडरला २.५ इंच भरपूर. टर्बो डिझेलला मात्र टर्बोनंतर जाड पाइप मानवतो.

धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उडवून देऊ नका. बहुतेक देशांत ते बेकायदा आहेच, शिवाय चेक इंजिनचा दिवा पेटतो तो वेगळाच. काम कन्व्हर्टरच्या मागे करावं.

सगळ्यात जास्त पस्तावा होतो तो ड्रोनचा, म्हणजे एकसुरी घुमणाऱ्या आवाजाचा. उभ्या गाडीवर झकास वाटलेला सायलेन्सर हायवेवर एकाच वेगाने जाताना केबिनभर घुमतो आणि तासाभरात डोकं उठवतो. आधी तो कोणत्या आरपीएमला घुमतो ते टिपा. समजा व्ही-८ आहे आणि १,८०० ला घुमतो. म्हणजे सेकंदाला ३० फेरे, फेऱ्याला चार स्फोट, १२० हर्ट्झ. मुख्य पाइपला शेवट बंद असलेली एक नळी फाट्यासारखी जोडली, तर ती तेवढाच सूर दाबते. तिची लांबी म्हणजे आवाजाचा वेग भागिले वारंवारतेची चौपट. नळीतला वायू किती तापतो त्यावर ती ७० सेंटिमीटर ते १ मीटर भरते. लांब ठेवून थोडी थोडी कापत जुळवा. आखूड कापली की संपलं. एवढा खटाटोप नको असेल तर रेझोनेटर (घुमणारा आवाज दाबणारा तयार डबा) बसवा.

फिटिंगला एकेक क्लॅम्प पूर्ण आवळत जाऊ नका. सगळे पाइप हँगरच्या रबरांवर सैल लटकवा, रांग जुळवा, मग इंजिनाकडून मागे आवळत या. यू-बोल्ट क्लॅम्प पाइप चेपतो, पुढे सोडवताना घाम फुटतो. रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प बरा. तीन मीटर स्टेनलेस पाइप ३०० अंशांनी तापला की साधारण १५ मिलिमीटर लांबतो, म्हणून ब्रेक लाइन, टाकी आणि स्टेपनीपासून किमान २५ मिलिमीटर जागा सोडा. मागच्या अ‍ॅक्सलवरचं अंतर हौद्यात वजन टाकून बघा, रिकाम्या गाडीवर ते फसवं दिसतं. पाइपाचं तोंड केबिनच्या खाली संपवू नका, कार्बन मोनॉक्साइड आत येतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिश्रण पातळ, म्हणजे इंधन कमी, वाटतं आणि तो उगाच इंधन वाढवतो. थंड इंजिनाला टिक-टिक आणि गरम झाल्यावर शांत, तर मॅनिफोल्डचं (इंजिनाला जोडलेल्या पहिल्या नळ्यांचं) गॅस्केट किंवा तडा तपासा. बाकी जोडांसाठी इंजिन बंद व थंड असताना टेलपाइपातून व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी सोडा आणि साबणाचं पाणी लावा; बुडबुडे आले तिथे गळती. शंभरेक किलोमीटरनंतर, पाइप थंड असताना, क्लॅम्प पुन्हा आवळा.