जुनी छोटी गाडी घेताना धडकेतील सुरक्षितता कशी तपासावी

नागपुरात जुनी छोटी गाडी विकत घेणारा माणूस साधारणपणे इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, किती किलोमीटर चालली ते विचारतो, आणि एप्रिल-मे महिना असेल तर एसी गार हवा देतो की नाही यावरच निम्मा निर्णय घेऊन टाकतो. धडक बसल्यास आत बसलेल्यांचे काय होईल, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि विचारला तर ‘जुन्या गाडीचा पत्रा जाड असतो, काळजी नको’ एवढ्यावर विषय संपतो. हे उत्तर चुकीचे आहे. गाडीची धडकेतील सुरक्षितता खरेदीदाराला तासाभरात, कोणत्याही यंत्राशिवाय, बऱ्याच अंशी तपासता येते. फक्त काय पाहायचे हे माहीत असायला हवे.

बॉनेटवर टिचकी मारून गाडी जोखण्याची सवय आधी सोडावी. बाहेरचा पत्रा धडकेत जवळजवळ काहीच भार घेत नाही. भार घेतात ते बॉनेटखालून पुढे गेलेले दोन पोकळ पोलादी लेग, आणि त्यांच्या मागे पिलर (छताला धरणारे उभे खांब), छत, दाराखालचे रनिंग बोर्ड व फ्लोअर मिळून झालेला सांगाडा. आधुनिक गाडीत पुढचा भाग ठरवून चुरगळू दिला जातो, म्हणजे धडकेची ऊर्जा तिथेच खर्ची पडते, आणि माणसे बसतात तो सांगाडा शक्यतो जसाच्या तसा राहतो. जुन्या गाडीत अनेकदा याच्या उलट होते. पुढचा भाग कडक राहतो आणि स्टिअरिंग, पेडल, डॅशबोर्ड हे सगळे चालकाच्या अंगावर येते. अमेरिकेतील आयआयएचएस या संस्थेने 2009 मध्ये 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मालिबू समोरासमोर धडकवली. बेल एअर जाड पत्र्याची आणि लांबलचक असूनही तिचा चालककक्ष कोलमडला, तर मालिबूचा टिकून राहिला. इतके मागे जायचे नसेल तर कोरोला पाहावी. ऑस्ट्रेलियातील एएनकॅप या धडक चाचणी घेणाऱ्या संस्थेने 2017 मध्ये 1998 ची आणि 2015 ची टोयोटा कोरोला ताशी 64 किलोमीटर वेगाने एकमेकींवर आदळवली, तेव्हा नव्या गाडीला 16 पैकी 12.93 आणि जुन्या गाडीला 0.40 गुण मिळाले. नाव एकच, कंपनी एकच, आणि मधले अंतर सतरा वर्षांचे.

भारतीय बाजारात हे अंतर त्याहून कमी वर्षांत पडले आहे, म्हणून येथे गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष ही सर्वांत उपयोगी माहिती ठरते. ती आरसीवर छापलेली असते. नोंदणीची तारीख तिच्याहून काही महिन्यांनी पुढची असू शकते, त्यामुळे नोंदणीवर न जाता उत्पादनाचीच तारीख पाहावी. 1 ऑक्टोबर 2017 पासून नव्याने बाजारात येणाऱ्या मॉडेलांना समोरून ताशी 56 किलोमीटर आणि बाजूने ताशी 50 किलोमीटर वेगाच्या धडक चाचण्या बंधनकारक झाल्या. आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना त्यासाठी पुढची मुदत मिळाली. एप्रिल 2019 पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सर्व गाड्यांना लागू झाली. 1 जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग, सीट बेल्ट न लावल्यास वाजणारा इशारा, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. शेजारच्या सीटची एअरबॅग जुन्या मॉडेलांनाही 2021 च्या अखेरीपर्यंत बसवावी लागली. म्हणजे जानेवारी 2022 नंतर बनलेल्या कोणत्याही छोट्या गाडीत, अगदी बेस मॉडेलमध्येही, दोन एअरबॅग आणि एबीएस हे गृहीत धरता येते. नंबर प्लेट नागपूरची एमएच-31 असो, एमएच-40 असो की एमएच-49, एकाच मॉडेलच्या मार्च 2019 आणि ऑगस्ट 2019 मध्ये बनलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील आणि किमतीत वीस-पंचवीस हजारांचाच फरक असेल, तर माझ्या मते दुसरी डोळे झाकून निवडावी.

त्याआधीच्या गाड्यांच्या बाबतीत व्हेरियंट विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाड्या धडकवून त्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2014 च्या सुरुवातीला अल्टो 800, नॅनो, फिगो, आय10 आणि पोलो या पाच गाड्यांची ताशी 64 किलोमीटर वेगाने चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यातला बारकावा मात्र फारसा सांगितला जात नाही. पोलो आणि फिगो यांचा सांगाडा स्थिर राहिला होता, आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच वेगाला चार तारे मिळाले. अल्टो 800, नॅनो आणि आय10 यांचा सांगाडाच कमीअधिक प्रमाणात कोलमडला, त्यामुळे त्यांत एअरबॅग बसवूनही फार फरक पडला नसता, असा त्या चाचणीचा निष्कर्ष होता. खरेदीचा क्रम यावरून ठरतो: आधी सांगाडा, मग बेल्ट, मग एअरबॅग. एअरबॅग नसलेल्या गाडीत ती नंतर गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही, कारण तिच्यासोबत सेन्सर, नियंत्रक आणि त्या मॉडेलसाठी केलेले गणित लागते. ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तारे वाचताना चाचणीचे वर्ष वाचावे. वॅगन आरला 2019 मध्ये दोन तारे मिळाले होते, 2023 मध्ये एकच मिळाला. गाडी त्याच पिढीची होती, पण दरम्यान 2022 मध्ये कसोटी कडक झाली होती. म्हणून 2018 चे चार तारे आणि 2024 चे चार तारे एका तागडीत टाकता येत नाहीत. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपल्या देशातली चाचणी सुरू झाली असून नव्या गाड्यांचे निकाल तिथे मिळतात. जुन्या गाड्यांसाठी ग्लोबल एनकॅपचेच निकाल पाहावे लागतात.

हे सगळे कागदावरचे झाले. प्रत्यक्ष गाडी एकदा जोरात ठोकली गेली असेल, तर तिचे तारे तिच्यापुरते संपले असे समजावे, कारण चुरगळून पुन्हा सरळ केलेला लेग दुसऱ्यांदा तसाच चुरगळेल याची खात्री नसते. ‘नॉन-ॲक्सिडेंटल आहे साहेब’ हे वाक्य प्रत्येक व्यापारी म्हणतो, तेव्हा तपासणी स्वतः करावी, आणि ती सकाळच्या उन्हात करावी. संध्याकाळी दुकानाच्या दिव्यांत रंगातला फरक दिसत नाही. बॉनेट उघडून फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याच्या, बोल्टांकडे पाहावे. कंपनीतून आलेल्या बोल्टांच्या डोक्यावरचा रंग अखंड असतो, पाना लागलेल्या बोल्टांच्या कडा खरचटलेल्या असतात. फेंडर बदलणे हा काही गुन्हा नव्हे, आपल्याकडे रिक्षाच्या कृपेने तो बदलावाच लागतो. पण त्याच्या आतला ॲप्रन (इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा) आणि खालचा लेग यांवर हातोड्याच्या खुणा, नवा वेल्ड किंवा वेगळ्या छटेचा रंग दिसला, तर गाडी सोडून द्यावी. त्यानंतर दाराच्या चौकटीवरचे रबरी बीडिंग हाताने थोडे ओढून काढावे. त्याखाली पिलरच्या काठाने कंपनीच्या स्पॉट वेल्डचे गोल ठसे ठरावीक अंतराने दिसतात. एका बाजूला ते ठसे स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पुट्टी असेल, तर त्या बाजूला धडक बसलेली आहे. डिकीतील स्टेपनी काढून तिच्या खालचा फ्लोअरही पाहावा, कारण मागून बसलेली धडक तिथे सुरकुत्यांच्या रूपात राहते.

गंजाच्या बाबतीत नागपूरची कोरडी हवा गाडीला मानवते. मुंबई किंवा कोकणात वापरलेली गाडी येथे स्वस्तात येते, तेव्हा मात्र रनिंग बोर्ड, फ्लोअर आणि सीट बेल्टचे बोल्ट जिथे बसतात त्या जागा खालून आवर्जून पाहाव्यात. गंजलेल्या रनिंग बोर्डावर उभा असलेला पिलर धडकेत टिकत नाही, आणि वरून मारलेले काळे अंडरकोटिंग हे सगळे झाकू शकते.

एअरबॅगची तपासणी सोपी आहे, पण ती नीट करावी लागते. इंजिन सुरू न करता चावी ऑनपर्यंत फिरवावी. मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे. ऑइल आणि बॅटरीचे दिवे मात्र तसेच लागलेले राहतात. दिवा विझलाच नाही, तर यंत्रणेत बिघाड आहे. दिवा लागलाच नाही, तर तो खराब आहे किंवा कोणीतरी काढून ठेवला आहे. आणि इंजिन सुरू होताच ऑइलच्या दिव्याबरोबर तोही विझत असेल, तर दोघांची वायर एकत्र जोडून एअरबॅग आधीच उघडून गेल्याचे लपवले असण्याची शक्यता बरीच असते. जुनी होंडा सिटी किंवा जॅझ घ्यायची असल्यास चॅसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल (कंपनीने ती बदलून देण्यासाठी गाडी परत बोलावणे) बाकी आहे का हे पाहावे. त्या एअरबॅगमधील रसायन उष्णतेने आणि दमटपणाने बिघडते, आणि आपल्याकडे उन्हात उभी असलेली गाडी आतून किती तापते हे सांगायला नको. ती बदलून देण्याचे पैसे पडत नाहीत.

बेल्ट प्रत्येक सीटचा, पूर्ण बाहेर ओढून पाहावा. शेवटच्या हातभर पट्ट्यात धागे सुटलेले किंवा ताणाची चमक दिसली, तर तो बेल्ट मोठ्या धडकेतून गेलेला असू शकतो. झटका दिल्यावर तो जागीच अडकला पाहिजे आणि सोडल्यावर पूर्ण आत गेला पाहिजे. मागचे बेल्ट नव्या सीट कव्हरखाली गाडले गेलेले असतात. ते व्यापाऱ्याकडूनच बाहेर काढून घ्यावेत. मागे बसणाऱ्यांनी बेल्ट न लावण्याची आपली सवय गाडीच्या सगळ्या ताऱ्यांवर पाणी फिरवते. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळ मृत्यू झाला तेव्हा ते आधुनिक आणि महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता.

पुढे बुल गार्ड (बंपरपुढची लोखंडी चौकट) लावलेला असेल तर तो पहिल्याच दिवशी काढावा. केंद्राने 2017 मध्येच त्यावर बंदी घातली आहे, आणि तो धडकेचा भार चुरगळणाऱ्या भागाला वळसा घालून थेट लेगवर नेतो, त्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरची वेळही चुकू शकते. पंधरा वर्षांनंतरचे फिटनेस प्रमाणपत्र मिळाले म्हणून गाडी धडकेत सुरक्षित ठरत नाही. तिथे ब्रेक, दिवे आणि धूर पाहिला जातो, सांगाड्याची ताकद नव्हे.

एअरबॅग नसलेली जुनी गाडी घरात आधीच असेल, तर तिचा वापर कुठे करायचा हे ठरवून घ्यावे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 56 ऐवजी 80 च्या वेगाला ती दुप्पट होते, आणि समृद्धी महामार्गावरच्या 120 च्या मर्यादेला चाचणीच्या 64 च्या तुलनेत साडेतीन पट होते. शहरातल्या शहरात, प्रतापनगरहून सीताबर्डीला जाण्यासाठी अशी गाडी चालेल. अमरावती किंवा जबलपूरच्या महामार्गावर ती उभ्या ट्रकच्या मागे घुसली, तर ट्रकची चौकट बॉनेटच्या वरून सरळ काचेवर येते आणि पुढचा चुरगळणारा भाग वापरलाच जात नाही, हे नव्या छोट्या गाडीलाही लागू आहे. म्हणून रात्री अशा गाडीने लांबचा प्रवास टाळावा, पिवळे पडलेले हेडलाइट पॉलिश करून घ्यावेत, आणि शिवमडक्याहून समृद्धीवर चढण्याआधी टायरच्या बाजूवरचे चार आकडी उत्पादनचिन्ह वाचावे: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतके जुने, नागपूरचे उन्हाळे सोसलेले टायर त्या वेगाला वापरू नयेत.